घरी गाणे ध्वनिमुद्रित करायचे तर साउंड कार्ड कोणते घ्यावे?

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. तुम्ही गोरेगावला दोन खोल्यांच्या घरात राहता, भावगीते आणि नाट्यपदे गाता, एक मित्र पेटीची साथ करतो आणि एखाद्या रविवारी तबल्याची साथ करणारे स्नेहीही येतात. विंडोजचा लॅपटॉप आहे, कार्यक्रमांसाठी घेतलेला एक डायनॅमिक (बाहेरून वीज न लागणारा) माइक आहे, आणि तो कन्व्हर्टर वायरने लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात खुपसून तुम्ही आजवर काम भागवले आहे. आवाज बारीक येतो, मागे सतत सळसळ असते, आणि आधी मुद्रित केलेल्या पेटीवर गाऊ लागलात की स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा ऐकू येतो. लॅमिंग्टन रोडवर एका दुकानदाराने दोन साउंड कार्डे (माइक यूएसबीने लॅपटॉपला जोडणारी बाहेरची यंत्रे) दाखवली; एकाच्या खोक्यावर ९६ किलोहर्ट्झ छापले आहे, दुसऱ्याच्या खोक्यावर १९२. वीस हजारांच्या आत यांतल्या कोणाची ‘क्वालिटी’ सरस, असे तुम्ही विचारले आहे.

मुंबईत ध्वनिमुद्रणाचे काम मी बरीच वर्षे करतो आहे आणि घरी स्टुडिओ मांडणाऱ्या गायक-वादकांना साहित्य निवडून देण्याचे कामही त्यातच येते. त्या अनुभवावरून सांगतो की तुमच्या तीन तक्रारींपैकी एकही १९२ या आकड्याने सुटणार नाही. बारीक आवाज आणि सळसळ यांचे कारण माइक प्रीअँपमध्ये, म्हणजे माइकचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या भागात आहे, उशिरा ऐकू येण्याचे कारण ड्रायव्हर (कार्ड आणि संगणक यांना जोडणारे सॉफ्टवेअर) आणि मॉनिटरिंग (गाताना स्वतःला ऐकण्याची सोय) यांत आहे, आणि तुम्ही न विचारलेला पण सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा की तुमच्या घरी एकाच वेळी किती जणांचे ध्वनिमुद्रण व्हायचे आहे.

आकड्यांचे आधी उरकून घेऊ. सेकंदाला किती वेळा ध्वनीची नोंद होते, ते खोक्यावरचा ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झचा आकडा, म्हणजे सॅम्पल रेट, सांगतो, आणि त्याच्या निम्म्यापर्यंतची कंप्रता त्यात पकडता येते. माणसाच्या कानाची मर्यादा साधारण २० किलोहर्ट्झ आहे, तीही तरुणपणी; त्यामुळे ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झवर तुमचा गळा, पेटी आणि तबल्याची चाटसुद्धा पूर्ण मावते. १९२ वर गेल्याने फाइल मात्र चौपट होते: २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झला एका माइकचा एक मिनिट साडेआठ एमबीच्या थोडा वर जागा घेतो, तर १९२ ला तोच मिनिट साडेचौतीस एमबीच्या वर जातो, आणि लॅपटॉपवरचा ताणही त्या प्रमाणात वाढतो. यूट्यूबवर व्हिडिओसह टाकायचे असेल तर ४८ वर ठेवा आणि हा विषय विसरून जा. बिटचे, म्हणजे प्रत्येक नोंद किती बारकाईने होते त्या आकड्याचे, मात्र तसे नाही. १६ बिटमध्ये सर्वांत मोठ्या आणि सर्वांत हळू आवाजातले अंतर सुमारे ९६ डेसिबल मावते, २४ बिटमध्ये कागदावर १४४. प्रत्यक्षात चांगली कार्डे ११० ते १२० च्या आसपास येऊन थांबतात, पण तेवढेही भरपूर झाले. याचा उपयोग असा की तुम्ही गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवायचा ते प्रमाण, मुद्दाम कमी ठेवू शकता. नाट्यपदात गायक मध्य सप्तकात आळवत असताना अचानक तार षड्जावर झेप घेतो आणि काटा लालमध्ये जातो. असा फाटलेला सूर नंतर कशानेही शिवता येत नाही. सर्वांत मोठा सूर मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील इतका गेन ठेवला तर २४ बिटमध्ये काहीही गमावल्यासारखे होत नाही. म्हणून २४ बिट हवेच, आणि आज विकत मिळणाऱ्या बहुतेक कार्डांत ते असतेच. बेहरिंगरचे यूएमसी २२ हे स्वस्त मॉडेल १६ बिटचे आहे, एवढे लक्षात ठेवा.

आता उशिरा ऐकू येण्याकडे वळू, कारण तुमच्या कामात सर्वाधिक घोळ येथेच होतो. माइकमधला आवाज संगणकात जाताना थेंबाथेंबाने जात नाही, तो ठरावीक आकाराच्या तुकड्यांत साठवून पुढे पाठवला जातो. या साठवणीला बफर म्हणतात. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद, २५६ चा म्हणजे ५.३ आणि १०२४ चा म्हणजे २१ मिलिसेकंद. हा वेळ आत जाताना एकदा आणि बाहेर येताना एकदा लागतो, शिवाय कार्डातल्या रूपांतराचा थोडा वेळ वर येतो. विंडोजच्या नेहमीच्या मार्गाने, म्हणजे तुम्ही आज ज्या मार्गाने काम करता त्याने, ही दिरंगाई शंभर मिलिसेकंदांच्या घरात सहज जाते. मिनिटाला २४० मात्रांची द्रुत लय धरली तर एक मात्रा २५० मिलिसेकंदांची होते. म्हणजे तुमचा सूर कानात येईपर्यंत पाऊण नाही तरी जवळजवळ अर्धी मात्रा उलटून गेलेली असते. अशा वेळी गायक नकळत घाई करतो किंवा रेंगाळतो, आणि मग सगळे जण त्याच्या लयीला नावे ठेवतात.

तुलनेसाठी सांगायचे तर हवेतून आवाजाला एक मीटर यायला जवळजवळ तीन मिलिसेकंद लागतात. दीड-दोन मीटरवर बसलेल्या तबल्यासोबत आपण आयुष्यभर गात आलो आहोत, तेव्हा पाच-सहा मिलिसेकंदांचा उशीर वादकाला सहसा जाणवत नाही. गायकाचे जरा वेगळे असते, कारण त्याला स्वतःचा आवाज कवटीतूनही ऐकू येतो आणि हेडफोनमधला आवाज किंचित मागे आला की सुरात एक पोकळपणा जाणवतो. दहा मिलिसेकंदांच्या पुढे बहुतेक गायक अस्वस्थ होतात असे मी पाहिले आहे.

यावर दोन उपाय आहेत आणि कार्ड निवडताना दोन्ही तपासायला हवेत. पहिला उपाय चांगल्या ड्रायव्हरचा. विंडोजवर ध्वनिमुद्रणाची सॉफ्टवेअरे एएसआयओ नावाच्या पद्धतीने कार्डाशी थेट बोलतात. स्टाइनबर्ग कंपनीने ती काढली आणि आता जवळजवळ सगळे तीच वापरतात. कार्ड बनवणाऱ्या कंपनीने स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर दिला आहे का, तो तुमच्या विंडोजच्या आवृत्तीसाठी आहे का, आणि अलीकडे अद्ययावत केलेला आहे का, हे कंपनीच्या संकेतस्थळावर पैसे देण्याआधी बघा. ‘एएसआयओ फॉर ऑल’ नावाचा फुकट ड्रायव्हर तात्पुरता इलाज म्हणून ठीक आहे, पण नवे कार्ड घेऊन त्यावरच विसंबायची वेळ येणार असेल तर ते कार्ड घेऊ नये, असे माझे मत आहे. मॅकवाल्यांना ही कटकट फारशी नसते, कारण तेथे ही सोय यंत्रणेतच असते. जुनी कार्डे स्वस्तात मिळतात, त्यांतली काही ध्वनीच्या दृष्टीने उत्तमही असतात, पण ज्यांचे ड्रायव्हर कंपनीने वाऱ्यावर सोडले आहेत ती घेऊन पस्तावलेले बरेच लोक माझ्याकडे येतात.

दुसरा उपाय डायरेक्ट मॉनिटरिंगचा, आणि तुमच्यासारख्या गायकाला तो पुष्कळदा पुरतो. यात माइकचा आवाज संगणकापर्यंत न जाता कार्डातूनच हेडफोनला वळवला जातो, त्यामुळे उशीर जवळजवळ शून्य होतो आणि बफर कितीही मोठा ठेवला तरी फरक पडत नाही. काही कार्डांवर यासाठी नुसती बटणे असतात, काहींवर थेट आवाज आणि संगणकातून येणारा आवाज यांचे प्रमाण ठरवणारे फिरते बटण असते. फिरते बटण असलेले मिळाले तर उत्तम. पेटी किती, तानपुरा किती आणि स्वतःचा गळा किती, हे गाता गाता हाताने जुळवता येणे ही मोठी सोय आहे. आणखी एक बारकावा दुकानात कोणी सांगत नाही: दोन माइकच्या काही कार्डांत डायरेक्ट मॉनिटरिंग स्टिरिओ असते, म्हणजे पहिला माइक फक्त डाव्या कानात आणि दुसरा फक्त उजव्या कानात. एका कानात स्वतःचा आवाज ऐकत गाणे फार त्रासाचे असते. म्हणून मोनोचा पर्याय आहे ना, ते विचारून घ्या. या पद्धतीत अडचण एकच: गाताना हेडफोनमध्ये थोडी घुमारी हवी असेल तर संगणकातली रिव्हर्ब थेट आवाजावर चढत नाही. तिच्यावाचून गाता येत नसेल तर मात्र कमी बफर आणि चांगला ड्रायव्हर यांना पर्याय नाही.

बारीक आवाज आणि सळसळीचे गणित सोपे आहे. हेडफोनच्या भोकातला माइकचा भाग हा मोबाइलच्या हेडसेटमधल्या छोट्या माइकसाठी असतो. तुमच्या डायनॅमिक माइकमधून एक-दोन मिलिव्होल्टच निघतात, ते वाढवायला चांगल्या प्रीअँपने पन्नास-साठ डेसिबलचा जोर लावावा लागतो. एक्सएलआर (माइकची तीन पिनांची) जोडणी असलेल्या कोणत्याही बऱ्या कार्डाने ही तक्रार जाईल, मात्र डायनॅमिक माइक वापरणार असाल तर गेन ५५ डेसिबलच्या खाली असलेले कार्ड टाळा. त्यापलीकडे प्रीअँपच्या सळसळीचे आकडे घोटत बसू नका. श्युरचा एसएम ५८ हा सर्वपरिचित माइक घेऊन हिशेब करून दाखवतो. रात्री पंखा बंद करून खिडक्या लावल्या तरी मुंबईतल्या घरात ३५ डेसिबलच्या आसपास गुणगुण असतेच. या माइकमधून ती गुणगुण उणे १११ डीबीयूच्या (विद्युत पातळी मोजण्याचे एकक) सुमाराला बाहेर पडते, आणि साध्या आधुनिक कार्डाच्या प्रीअँपची स्वतःची सळसळ उणे १२८ च्या जवळ असते. म्हणजे तुमची खोलीच प्रीअँपपेक्षा सतरा डेसिबलने मोठी आहे. दुपटीचे पैसे देऊन सळसळ आणखी दोन डेसिबलने कमी करण्यापेक्षा फ्रीज काही मिनिटे बंद ठेवणे, दारामागे गोधडी टांगणे आणि लोकल गेल्यावर सुरुवात करणे यांचा परिणाम जास्त होतो.

आता न विचारलेला प्रश्न. तुम्ही, पेटी आणि तबला एकत्र वाजणार, की एकामागून एक? पाश्चात्त्य पद्धतीच्या गाण्यात एकेक ट्रॅक वेगळा घेण्याची सवय असते, त्यामुळे परदेशी व्हिडिओंत दोन इनपुटचे कार्ड सर्वांना पुरते असे सांगितले जाते. ठरलेल्या चालीच्या, ठरलेल्या ठेक्याच्या भावगीताला तसे करता येते: आधी तानपुरा आणि पेटी, मग गळा, मग तबला. पण नाट्यपदात तुम्ही तान घेऊन समेवर येणार, तबल्याने ती येताना ओळखून तयारी ठेवणार, पेटीने तुमच्या मागे सावलीसारखे यायचे. ही देवाणघेवाण वेगवेगळ्या दिवशी मुद्रित केलेल्या ट्रॅकांत येत नाही. सगळे मात्रेला बरोबर पडते आणि तरी मैफल कोरडी राहते. म्हणून नाट्यपदे हे तुमचे मुख्य काम असेल तर एकत्र मुद्रणासाठी गळ्याला एक, पेटीला एक आणि तबला-डग्ग्याला दोन, असे चार माइक प्रीअँप लागतात. येथे खोक्यावरच्या नावाने फसू नका. फोकसराइटच्या ४आय४ या नावावरून चार माइक लागतील असे वाटते, पण त्यात माइकचे प्रीअँप दोनच असतात, बाकीचे इनपुट कीबोर्डसारख्या साधनांसाठी असतात. बेहरिंगरच्या यूएमसी ४०४ एचडी किंवा ऑडिएंटच्या इव्हो ८ मध्ये माइकचे चार प्रीअँप खरोखर आहेत.

पण चार भोकांचे कार्ड घेतले की चार माइक, चार स्टँड आणि चार वायरी ओघाने येतात, आणि मग वीस हजारांत हे बसवणे कठीण. तुमच्याकडे माइक एकच आहे, तबला महिन्यातून एखाद्या वेळीच येतो. त्यामुळे तुमच्या जागी मी असतो तर आज दोन प्रीअँपचे चांगले कार्ड घेतले असते आणि उरलेल्या पैशांत एक साधा कंडेन्सर (जास्त संवेदनशील, वीज लागणारा) माइक. रोजच्या कामात गळ्याला एक माइक, पेटीला दुसरा. पेटीचा माइक भात्याच्या बाजूने न लावता, पट्ट्यांच्या वर हातभर अंतरावर आणि पट्ट्यांची खटखट थेट त्याच्या तोंडावर येणार नाही असा तिरपा लावा. ज्या रविवारी तबला येईल त्या दिवशी कंडेन्सर माइक पेटी आणि तबला यांच्या मध्ये उंचावर ठेवा, आणि माइकचा गेन न बदलता वादकांना पुढेमागे सरकवून तोल साधा. एका माइकभोवती बसून ध्वनिमुद्रण करण्याची पद्धत जुनी आहे आणि गळ्याचा माइक वेगळा असल्यामुळे तुमचे काम त्याहून सोपेच होईल. नंतर तबला एकट्याने वरखाली करता येणार नाही, ही त्याची किंमत. तानपुरा मात्र मोबाइलच्या स्पीकरवर कधीही लावू नका. तो माइकमध्ये झिरपतो, आणि दोन वेगळ्या गायनांतले चांगले भाग जोडायला गेलात की सांध्यावर तानपुऱ्याची तार मध्येच उडी मारते. तो आधी वेगळ्या ट्रॅकवर घ्या आणि हेडफोनमधून ऐका.

कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे कार्डाकडून माइकच्या वायरीतूनच मिळणारी वीज, लागते. दोन इनपुटच्या सर्व नावाजलेल्या कार्डांत ती असते आणि एक्सएलआरने जोडलेल्या डायनॅमिक माइकला तिचा त्रास होत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात कंडेन्सर माइक सिलिका जेलच्या पुडीसह डब्यात ठेवा, नाहीतर दमट हवेने तो चटचट आवाज करू लागतो.

काही पर्याय थोडक्यात बाजूला काढतो. लॅपटॉपच्या आत बसणारे कार्ड हा प्रश्नच येत नाही, आणि गेमिंगसाठी मिळणाऱ्या बहुतेक कार्डांना एक्सएलआरही नसते. हशा आणि टाळ्यांची बटणे असलेले व्ही ८ नावाचे स्वस्त यंत्र ऑनलाइन माइकसकट मिळते. ते मोबाइलवरून थेट प्रक्षेपण करणाऱ्यांसाठी आहे, गाण्याच्या मुद्रणासाठी नाही. यूएसबी माइक एकट्या गाणाऱ्याला पुरतो, पण दोन यूएसबी माइक एकत्र चालवायला गेलात की प्रत्येकाचे घड्याळ वेगळे चालते आणि दोन ट्रॅक हळूहळू एकमेकांपासून सरकतात. टाइप-सी किंवा यूएसबी ३ लिहिलेले आहे म्हणून जादा पैसे देऊ नका. चार माइकचा २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा प्रवाह सेकंदाला पाच मेगाबिटच्या आतच असतो आणि यूएसबी २ ची क्षमता ४८० आहे. कार्ड थेट लॅपटॉपला जोडा, कीबोर्ड-माऊसच्या हबमध्ये नको.

आता नावे घ्यायची तर फोकसराइट स्कारलेट २आय२, मोटू एम २, ऑडिएंट इव्हो ४, आणि पैसे फारच ताणले गेले तर बेहरिंगर यूएमसी २०२ एचडी. यांपैकी मोटूचे मीटर खोलीच्या दुसऱ्या टोकावरून वाचता येतात, हे एकट्याने काम करणाऱ्याला फार उपयोगी आहे. इव्हो ४ मध्ये एक बटण दाबून काही सेकंद गायले की गेन आपोआप ठरतो. माझ्यासारख्याला ते लहान मुलांचे खेळणे वाटले होते, पण गाणे सोडून बटणांकडे बघायची ज्यांना चीड आहे त्यांना ते आवडते. दर सारखे बदलतात, म्हणून कोणते स्वस्त ते मी सांगत नाही. भारतातली वॉरंटी आणि पक्के बिल यांवाचून घेऊ नका, आणि माइक घेताना जरा जपून, कारण एसएम ५८ च्या हुबेहूब नकला बाजारात सर्रास फिरतात.

दुकानात जाताना लॅपटॉप, माइक आणि हेडफोन बरोबर न्या. ड्रायव्हर आदल्या रात्री घरीच टाकून ठेवा. माइक जोडून एक ओळ गा, तिचे मुद्रण करा, मग गेन पूर्ण वाढवून दहा सेकंद शांतता मुद्रित करा आणि ती ऐका. गेन अगदी शेवटच्या चतुर्थांशात गेला की काही कार्डे एकदम फुसफुसू लागतात, ते तेथेच कळते. घरी आल्यावर जर ५० हर्ट्झची घरघर ऐकू आली तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. बॅटरीवर घरघर गेली, किंवा कार्डाच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर ती कमी झाली, तर दोष कार्डाचा नसून अर्थिंगचा आहे. जुन्या इमारतींत हे नेहमीचे असते. तिसरी पिन तोडून टाकण्याचा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नका, त्यात जिवाला धोका आहे. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि तोपर्यंत बॅटरीवर मुद्रण करा.

हेडफोन कान पूर्ण झाकणारे, बंद पाठीचे घ्या, नाहीतर तानपुरा त्यांतूनही माइकमध्ये जाईल. २५० ओहमचे (विद्युतरोधाचे एकक) मॉडेल कोणी सुचवले तर यूएसबीवर चालणाऱ्या छोट्या कार्डाला ते सहसा जोरात वाजवता येत नाहीत, हे लक्षात ठेवून ३२ ते ८० ओहमच्या दरम्यानचे निवडा. ब्लूटूथचे हेडफोन मुद्रणाच्या वेळी अजिबात चालणार नाहीत. त्यांचा उशीर तुमच्या आजच्या तक्रारीपेक्षाही मोठा असतो.